तार तुटली, सोलो चालूच

मलकपेठ, हैदराबाद
शुक्रवार

प्रिय रोशनी,

जयभीम घे आधी, भांडण नंतर. तू नल्लकुंट्यात, मी मलकपेठेत, मध्ये जेमतेम एक ऑटो, आणि बाप पत्र लिहितोय म्हटल्यावर तू म्हणशील की बाबांचं डोकं ठिकाणावर नाही. नाहीच आहे. ते त्या फंक्शन हॉलमध्ये राहिलंय, अजून घरी आलेलं नाही. मराठीत लिहितोय त्यालाही कारण आहे. इंग्रजी तू भरभर वाचतेस आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तयार ठेवतेस. मराठी मात्र अजून बोट ठेवून, अक्षर लावत वाचतेस, आईनं उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवलं होतं तसं. म्हणजे आयुष्यात एकदा तरी माझं सगळं ऐकून घेशील. कुठे अडलीस तर प्रज्ञेशला विचार, जावईबापूंचं मराठी बरं आहे.

मी अजून हादरलेलाच आहे गं. चहा पिता पिता मध्येच थांबतो, कप तसाच हातात. तुझी आई विचारते काय झालं, मी म्हणतो काही नाही, आणि परत तेच डोळ्यांपुढे येतं. माणसाच्या गिटारची तार तुटावी, त्यानं दोन्ही हात वर करावेत आणि त्याचा सोलो चालूच राहावा! इतकी वर्षं गिटार गळ्यात घालून फिरलो. वीज गेली, स्टेज खचलं, एकदा तर नाचता नाचता नवरदेवच ड्रमवर येऊन पडला. पण असलं काही बघितलं नव्हतं. आणि त्यावर कळस म्हणजे दुसऱ्याच दिवशी आपला साउंडवाला विकी दारात उभा, हातात तुझी गिटार. तू सांगितलंस म्हणे, बाबांकडे देऊन टाक, मी आता हिला हात लावणार नाही. म्हणजे धक्का मला, आणि शिक्षाही मलाच? पुढच्या रविवारी त्याच हॉलमध्ये आपल्या ‘ग्रॅनाइट’ बँडचा चाळीस वर्षांचा कार्यक्रम आहे. अप्पाराव रोज फोन करून विचारतोय की कोण वाजवणार, बाप की लेक, की दोघंही तोंड फुगवून घरी बसणार. त्याला उत्तर द्यायचंय. पण त्याच्या आधी तुझ्याशी बोलायचंय.

झालं ते तू पडद्यामागून ऐकलंस. पुढून कसं दिसलं ते माझ्याकडून ऐक. डॉक्टर एकनाथरावांची साठीशांत, म्हणजे इथल्या भाषेत षष्टिपूर्ती. नवराबायकोला पुन्हा हार घालून बसवलेलं, दोघांच्याही गुडघ्यांना पट्टे. हा एकनाथराव कॉलेजात असताना आमच्या गाण्यावर नाचून पँट फाडून घ्यायचा, म्हणून त्यानं हट्टानं आम्हाला बोलावलं. आमचं शेवटचं गाणं नेहमीचंच, ‘परसों’. सोलो आला. मी डोळे मिटले, मणक्याच्या डॉक्टरनं मना केलंय तसा मागे वाकलो, वरच्या सुरासाठी पहिली तार खेचली आणि टण्ण! तार तुटून हनुवटीला चाटून गेली. विकीनं कानात घालायला दिलेल्या त्या इअरफोनच्या बोंडकात सगळं चिडीचूप. मी हसत दोन्ही हात वर केले, लोकांना दाखवायला, की मंडळी, झालं, तार गेली. तर लोक टाळ्या पिटायला लागले, शिट्ट्या मारायला लागले! मला वाटलं, किती प्रेमळ माणसं. म्हणून कानातलं बोंडूक उपसून काढलं. आणि रोशनी, अख्ख्या हॉलमध्ये माझा सोलो वाजत होता. माझाच. माझा आवाज, माझी वळणं. मी माझ्या हातांकडे बघितलं. ते दोन्ही हवेत होते.

पहिला विचार काय आला सांगू? की मी गेलो. खरंच सांगतो. मला वाटलं, मी वरच्या सुराला पोचता पोचता हार्ट अटॅकनं गेलो, आणि हे आता माझ्या शोकसभेतलं रेकॉर्डिंग लागलंय. पुढच्या रांगेतला एक चाचा ओरडत होता, अरे देखो मियाँ, हात छोड के बजा रैं! एकनाथराव हार सावरत उभा राहिला. अप्पाराव, जो माझ्या शेजारी इतकी वर्षं बेस वाजवतोय, तो छताकडे बघायला लागला, जणू तिथे काही लिहिलंय. आणि मिक्सरमागचा विकी खाली वाकून जमिनीवर काहीतरी शोधत होता. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला की ह्यात मी सोडून सगळे आहेत. मी गिटार तशीच गळ्यात घेऊन मागे गेलो आणि पडदा ओढला.

आणि तू. डेकोरेशनवाल्यांनी मागे नेऊन ठेवलेल्या त्या नवरानवरीच्या चांदीच्या सिंहासनावर, दोन्ही हातांना सिंह, लाल मखमल, तिच्यावर मांडी घालून बसलेली. चष्मा नाकावर घसरलेला, डोळे मिटलेले, मांडीवर गिटार, आणि शेजारी माझी पाण्याची बाटली. तू डोळे उघडलेस. मी काय बोललो ते तुला पाठ असणार. बाप जिवंत असताना त्याचा जलदानविधी उरकलास, असं बोललो. आणि मागच्या जिन्यानं खाली उतरून ऑटोत बसलो, तोच चमचमता कोट, तीच तुटक्या तारेची गिटार. ऑटोवाला आरशातून बघून विचारतो, साब, कौनसा जादू करते आप? मी म्हटलं, बाबा, जादू माझ्यावरच झालीय, तू चल.

आता मी जुनं काढणार आहे, कंटाळू नकोस. तुझे आजोबा लक्ष्मणराव उदगिराकडून आले आणि रेल्वेच्या वर्कशॉपात लागले हे तुला माहीत आहे. दिवसभर लोखंड, आणि जयंती जवळ आली की गाणी. चौदा एप्रिलच्या आधी महिनाभर आमच्या दोन खोल्यांत माणसं मावायची नाहीत, आणि मध्यभागी आजोबांची पेटी. मी लहान, मला बघायचं होतं की सूर नेमका कुठून निघतो. म्हणून झाकणाखाली हात घातला. झाकण पडलं. डाव्या हाताची करंगळी अशी काही मोडली की हाडवैद्यानं बसवली ती वाकडीच बसली. आजी, म्हणजे माझी आई विठाबाई, दरवर्षी जयंतीला ती गोष्ट सगळ्यांना सांगायची, आणि आजोबा उठून बाहेर जायचे. गिटार वाजवायला लागल्यावर मला कळलं की डाव्या करंगळीशिवाय वरचे सूर मिळत नाहीत. माझी करंगळी तिथे पोचते, पण वळसा घालून. म्हणून माझा वरचा सूर नेहमी किंचित उशिरा येतो. आणि गंमत बघ, लोक त्याला ‘फील’ म्हणायला लागले! एका पेपरवाल्यानं तर लिहिलं की ह्यांचा सूर दारात घुटमळणाऱ्या प्रियकरासारखा येतो. कसला प्रियकर अन् काय! पेटीचं झाकण पडलं होतं, एवढंच. पण मी ते कात्रण फ्रेम करून लावलं, आणि झाकणाचं कुणाला सांगितलं नाही.

आमच्या गच्चीवर पहिल्यांदा अॅम्प लावला तेव्हा आजोबांनी खालून विचारलं होतं, काही जळालं का? रेसकोर्सवरचा एक मोतद्दार घरी आला होता, हात जोडून म्हणाला, मियाँ, घोडे दाना नै खा रैं, थोडा आहिस्ता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात मी दिवसा लांब केस टोपीत कोंबून पोत्यांवर शिक्के मारायचो, आणि संध्याकाळी टोपी काढली की मी सॅम. संभाजीचा सॅम. अप्पाराव टेलिफोन खात्यात, दिवसभर खांबावर, संध्याकाळी बेस. रॉक वाजवतो म्हणून सगळ्या नातलगांनी ओवाळून टाकलेलं. आणि तरी लग्नांना बोलवायचेच, कारण बँडबाज्यापेक्षा आमचा आवाज मोठा होता. ‘परसों’ तेव्हाच केलं. आपल्या हैदराबादेत परसों म्हणजे कालच्या मागचा कुठलाही दिवस, दहा वर्षांपूर्वी मेलेला माणूसही परसोंच मेलेला असतो, त्यावर अप्पारावनं शब्द लिहिले आणि मी तो सोलो बसवला. रॉक म्हणजे स्वातंत्र्य, बंड, असलं मी सगळ्यांना सांगत फिरायचो, आणि त्या सोलोतला एक सूर आजपर्यंत बदलला नाही. असा मी बंडखोर.

एका जयंतीला आजोबांच्या पेटीचा भाता फाटला. त्यांची मंडळी परेशान, आणि मी लाल गिटार घेऊन उभा राहिलो. बाबासाहेबांचं गाणं, मागे माझी गिटार किंचाळतेय. म्हातारी माणसं थिजून बसलेली, पोरं खुर्च्यांवर उभी. गाणं संपल्यावर आजोबा म्हणाले, सगळं बरोबर, पण तुझा शेवटचा सूर पंगत बसल्यावर येतो बघ. लोक हसले. मग त्यांनी माझी करंगळी हातात घेतली आणि कितीतरी वेळ सोडली नाही. हे माझ्या पेटीचं, एवढंच म्हणाले. त्यानंतर मी कुठूनही वाजवून आलो की ते तेल कोमट करून ती करंगळी चोळत बसायचे. मी म्हणायचो, राहू द्या आता, ती सरळ होणार नाही. ते ऐकायचे नाहीत.

म्हणून तू जन्मलीस तेव्हा दवाखान्यात मी सगळ्यात आधी काय बघितलं असेल? तोंड नाही, रंग नाही, डाव्या हाताची करंगळी. सरळ होती. नर्स म्हणाली, ऐसा क्या देख रै साब, पूरे पाँच हैं. तुझी बोटं म्हणजे देणगी, तू आठ वर्षांची असताना मी तुझ्या हातात गिटार दिली आणि तू माझा सोलो अलगद उचललास. वरचा सूर बरोबर ठेक्यावर! आणि मी काय म्हणालो? म्हणालो, तुझं वाजवणं इस्त्री केलेल्या शर्टासारखं आहे, सुरकुतीच नाही. तेव्हा मला ते फार भारी वाक्य वाटलं होतं. पुढे तुझी इंजिनियरिंग, गच्चीबावलीची नोकरी, लग्न, आणि गिटार माळ्यावर गेली. मी म्हटलं, चला, हौस होती, फिटली. मग मध्येच एक दिवस तू म्हणालीस, बाबा, तुमच्या प्रत्येक शोला मी येणार, तुमची पाण्याची बाटली आणि बीपीची गोळी मी सांभाळणार. रोशनी, मी पेन्शनवाल्यांच्या बैठकीत छाती फुगवून सांगितलं. म्हटलं, तुमच्या पोरी फोन तरी करतात का?

खरी हकीकत मी अप्पारावकडून काढली, इराणी हॉटेलात बसवून. आधी म्हणाला, अन्ना, मला काही माहीत नाही. दुसऱ्या चहाला रडायला लागला. माझ्या कानांचे वरचे सूर कधी उडाले ते मला कळलंच नाही म्हणे. तुझी आई ओरडायची की कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन डाळ करपली, आणि मी म्हणायचो, शिट्टी झालीच नाही. आणि मी तारा लावणार कशानं, तर कानानं! तारा जुळवायचा ट्यूनर म्हणजे कानाचा अपमान, हे मी किती पोरांना सुनावलंय. हिमायतनगरच्या त्या लग्नात मी पहिली तार इतकी चढवून लावली होती म्हणे, की गायिका अर्ध्या गाण्यात थांबून माझ्याकडे बघत राहिली आणि नवरीच्या कडेवरचं भाचरू भोकाड पसरून रडलं. मला आठवतं ते मूल. मला वाटलं त्याला भूक लागलीय. अप्पारावला मला सांगायचं होतं, हिंमत होईना. म्हणून त्यानं तुला सांगितलं, की अम्मा, पोरी, तूच बाबांना समजाव. आणि तू काय केलंस? मला समजवायला घरी आलीस, आणि माळ्यावरून गिटार घेऊन गेलीस.

मग विकी ते कानातलं बोंडूक घेऊन आला. सर, आजकाल बडे बडे लोग यही लगाते, स्टेजवर अॅम्प कुणी ठेवत नाही. मी लगेच फुगलो. आरशासमोर लावून बघितलं. मला माझी गिटार कानात ऐकू येते, आणि हॉलला तुझी, हे माझ्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं. तेव्हापासून लोक भेटून सांगायचे, सॅमभाय, आजकल क्या बजा रैं, पहिल्यापेक्षा गोड! एक माणूस तर डोळे पुसत होता. मी घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, रेणुका, ह्या वयात बोटं उघडतात बघ. ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली, खांदे हलत होते. मला वाटलं, भरून आलंय बिचारीला. आता विचारलं तर म्हणते, दोन्ही होतं, हसूही अन् रडूही. म्हणजे घरात ठाऊक, जावयाला ठाऊक, उद्या गल्लीतल्या पानवाल्यालाही ठाऊक असेल. अख्ख्या हैदराबादेत एकाच माणसाला ठाऊक नव्हतं, ज्याच्या गळ्यात गिटार होती त्याला. खूप राग आला होता गं मला. तुझे फोन येत होते, मी स्क्रीनवर तुझा फोटो बघायचो आणि उचलायचो नाही. उचलून काय बोलणार? माझं सगळं कौतुक तुझं निघालं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

तुझ्या आईनं शेवटी मला धरून कानवाल्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. मशीन बसवलं. दुसरा धक्का तिथे. माझ्या शर्टाला आवाज आहे! चालताना तो सरसरतो. घरातला पंखा प्रत्येक फेऱ्याला करकरतो, आणि मी म्हणायचो कंपनीचा आहे, बिनआवाजाचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, तुझी आई भाजी चिरताना गुणगुणते. मी दारात उभा राहून ऐकलं. काय गुणगुणत होती सांगू? ‘परसों’. जिनं जन्मभर आवाज कमी करा, आवाज कमी करा म्हणून जीव खाल्ला, ती! मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, लग्नापासून. मग मी माझी लाल गिटार काढली, नवी तार चढवली, माझ्या पद्धतीनं कानानं लावलेल्या बाकीच्या तारांवर हात फिरवला. अगं, दारात मांजराची शेपटी सापडावी तसा आवाज! मी हातातून गिटार पलंगावर टाकली. हे मी माणसांना ऐकवत होतो? लग्नांत? मी मुकाट्यानं जाऊन ट्यूनर घेऊन आलो, दुकानदाराला म्हटलं नातवासाठी हवाय.

आणि मग विकीनं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी ते कशाला लावलं ते खरं सांगतो. तुझ्या चुका काढायला. मशीन घातलं, खुर्ची ओढली, म्हटलं बघू आता बाईसाहेबांनी किती सुरकुत्या घालवल्यात. ‘परसों’चा सोलो सुरू झाला. वरचा सूर आला, उशिरा. मी म्हटलं, हा मीच, तार तुटायच्या आधीचा. ऐकत राहिलो. पुन्हा वरचा सूर, पुन्हा तसाच उशिरा, दारात घुटमळून. आणि मग माझ्या अंगावर काटा आला. ह्यात मी नाहीच. पहिल्यापासून कुठेच नाही. हॉलमध्ये माझी गिटार सोडलेलीच नव्हती. हे सगळं तू वाजवतेयस. तुझी करंगळी तर सरळ आहे, मी बघितलीय, तू तासाभराची होतीस तेव्हा बघितलीय! म्हणजे तू मुद्दाम लंगडलीस. धडधाकट बोटानं माझं वाकडं बोट वाजवलंस, प्रत्येक सुराला, प्रत्येक कार्यक्रमात, म्हणजे कुणी माझ्याकडे बघून कुजबुजू नये. किती महिने बसून ते शिकलीस गं? माझा सूर चुकवायला मलाही आता जमणार नाही तसा तू चुकवलास. ज्या पेटीचं झाकण तू डोळ्यांनी बघितलं नाहीस, ते तुझ्या हातात वाजत होतं. मी एकटाच खोलीत बसून मोठ्यानं रडलो, आणि मशीन घातल्यामुळे मला माझं रडणंही पहिल्यांदा नीट ऐकू आलं. फार बेसूर आहे.

पण रेकॉर्डिंग तिथे संपत नाही. पडदा ओढल्याचा आवाज आहे, माझं ते बोलणं आहे, पुसट, पण आहे. मग माझे बूट जिन्यावरून खाली जातात. त्यानंतर नुसता अप्पारावचा बेस, तेच तेच गोल गोल वाजवत, वाट बघत. आणि मग तू. डोळे पुसून, नाक ओढून, हो, तेही ऐकू येतं, तू गाणं पुरं केलंस, कारण तो एकनाथराव गळ्यात हार घालून उभा होता आणि त्याच्या साठीचं गाणं अर्धं सोडायचं नव्हतं. त्या शेवटच्या तुकड्यात वरचा सूर ठेक्यावर आला. लंगडला नाही. आणि मग तू सोलो सोडून भलतीकडेच गेलीस, खाली उतरलीस, फिरलीस, अशा वळणानं परत आलीस की मला तिथे वाट आहे हेच माहीत नव्हतं. इस्त्रीचा शर्ट म्हणे! मीच गाढव. मी तो तुकडा परत परत लावला, शेवटी मशीनची बॅटरी बसली. तेव्हापासून मी कप हातात धरून मध्येच थांबतो ते तार तुटली म्हणून नाही, रोशनी. ते तुझ्या त्या वळणानं थांबतो. मी बाप आहे, मी शिकवलं, आणि मला हे ठाऊक नव्हतं, ह्याचा धक्का ओसरतच नाहीये.

म्हणून हे पत्र. जलदानाचं जे बोललो ते लिहून मागे घेतो. तुझी गिटार विकीबरोबर परत पाठवतोय. ट्यूनरनं लावलीय, कानानं नाही, शपथ. अप्पारावला मी सांगून टाकलंय की रविवारी रोशनी वाजवणार, पुढे, उजेडात, तुझं नाव घेऊन. माझा सोलो वाजवू नकोस. माझं बोट आता खाली ठेव बाई, खूप वागवलंस. मी गेल्यावर जे वाजवलंस ते मी ऐकत असताना वाजव, एवढंच मागायला बसलो होतो, तर ही एवढी पानं झाली. मी येणार आहे, चमचमता कोट घालून नाही, साधा, मशीन लावून. आणि घाबरू नकोस, पण एक लक्षात ठेव. तार तुटली तर थांब, दोन्ही हात वर कर, आणि लोकांबरोबर हसून घे. मागून कुणी वाजवणार नाही. पडद्यामागच्या त्या सिंहासनावर ह्या वेळी मी असेन, तुझी पाण्याची बाटली घेऊन.

तुझाच,
नेहमीसारखा जरा उशिरा पोचलेला
बाबा